वास सांगून जा

त्यांच्या घरात भाड्यानं राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मला फाटकाशी अडवण्यात आलं. बँकेच्या रोह्याच्या शाखेत माझा पहिला दिवस, हातात डबा, पायात नवी चप्पल, आणि फाटक धरून घरमालक उभे. उंच, वाळके, अंगात बनियन, खाली लेंगा आणि पायात कंपनीतले काळे जाड बूट. आदल्या दिवशी किल्ली देताना हा माणूस दोन शब्दांच्या वर बोलला नव्हता. आता मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "वास घेतलास काय?"

मला वाटलं, माझा गॅस चालू राहिला. मी घाबरून मागं पाहिलं. त्यांनी अंगठ्यानं बागेकडे खूण केली. बाग म्हणजे दोन साड्या वाळत घातल्या तर झाकून जाईल एवढी जागा. तिच्या मधोमध गुलाबाचं एक झुडूप होतं, आणि त्याला वाटीएवढी, फिकट गुलाबी, आत पाकळ्या कोंबून भरल्यासारखी तीन-चार फुलं आली होती. वास येत होता खरा. मी म्हटलं, "छान आहे."

"छान हा वास नाय. छान हे सर्टिफिकेट हाय. कसा हाय तो सांग."

"गुलाबासारखा."

मास्तरांनी नापास मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फाटक सोडलं. मी रस्त्याला लागले तेव्हा ते मागं कुणाला तरी सांगत होते की घाटावरची माणसं नाकानं नुसता श्वास घेतात, बाकी उपयोग करत नाहीत. मी संतापले होते. घर बदलायचं, असं मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ठरवलंसुद्धा. पुढं बदली होईपर्यंत त्याच घरात राहिले, आणि आता घाटावर परत आल्यावरही, समोर चहा आला की त्याचा वास कशासारखा आहे हे मनातल्या मनात जुळवत बसते. तो इकडं निवत राहतो.

सगळं वरसे गाव त्यांना काका म्हणायचं, म्हणून मीही. धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत त्यांनी ऑपरेटर म्हणून जन्म काढला होता. ते निवृत्त झाले, पण कंपनी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. झाडाला पाणी घालणं म्हणजे फीड देणं, नव्या कळ्या आल्या की बॅच लागली, आणि पावसाळा म्हणजे शटडाऊन. यंत्रांच्या घरघरीत कान गेलेले, त्यामुळे ते बोलत ते सगळं ओरडून. बागेत जायचं तर पायात ते बूट, हातात रबरी मोजे, आणि फवारणीच्या दिवशी डोळ्यांवर चष्मा. फवारणी कसली, तर ताक आणि हळद. मी एकदा हसले. ते म्हणाले, "आज ताक हाय. पण सवय मोडली नि उद्या दुसरं काय निघालं तर?"

फाटकाजवळच्या कोपऱ्यात एका बांबूवर त्यांनी कापडाची लांबोडकी पिशवी टांगली होती, दोन्ही तोंडं उघडी असलेली, भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. नव्या माणसाला वाटे, इथं कुठल्या तरी पक्षाचं कार्यालय आहे. एकदा एक बाई रेशनकार्डाचं काम घेऊन थेट ओटीवर येऊन बसली होती. धाटावच्या कंपन्यांवर अशा पिशव्या फडफडत असतात. वायू गळाला तर वारा कुठं चाललाय ते पिशवीवरून बघायचं आणि त्याच्या वाटेत थांबायचं नाही, हे तिथलं पहिलं शिक्षण. काकांनी ते शिक्षण उलटं वापरलं. पिशवी ज्या बाजूला फुगे, त्या बाजूला ते एक लाकडी खुर्ची उचलून नेऊन ठेवत आणि घरात बघून ओरडत, "चल गो, वारा फिरला."

मग काकू बाहेर येत. बुटक्या, गोऱ्या, नाकात चमकी, हातात बहुतेक वेळा वाल सोलायची परात. वारा दिवसातून जितक्या वेळा फिरे तितक्या वेळा त्यांची खुर्ची फिरे, आणि त्या बिचाऱ्या परात घेऊन मागोमाग. तोंडानं कुरकुरत, पण बसत. गुलाबापासून एक खुर्ची मावेल इतक्या अंतरावर बसून त्या उजव्या हातानं हवा नाकाकडे ओढून घेत आणि डोळे मिटत. काका समोर उभे राहून विचारत, "येतो काय?"

"नाय ओ."

"बरं. उद्या."

काकूंना वास येत नव्हता. त्या मास्कच्या वर्षांत घरात सगळ्यांना ताप येऊन गेला. बाकीच्यांचे वास महिन्या-दोन महिन्यांत परत आले, काकूंचा गेला तो गेलाच. दुसऱ्या एखादीचा गेला असता तर एवढं बिघडलं नसतं. काकूंचं माहेर पेणचं, घर गणपतीच्या कारखान्याला लागून. ओल्या शाडूच्या वासावरून मूर्ती आतून वाळली की नाही हे आपण लहानपणी सांगायचो, असं त्या म्हणत, आणि मला ते खरं वाटतं. स्वयंपाकात त्यांनी कधी काही चाखून बघितलं नव्हतं. कालवणाला मीठ पुरे झालं की वासच बदलतो, हे त्यांचं म्हणणं. आता दूध करपून धूर डोळ्यांत गेला की मग त्यांना कळे. काकांनी स्वयंपाकघरात गॅसचा एक भोंगा बसवला होता, पण तो हिंगाच्या फोडणीलाही वाजे, त्यामुळे त्याचा त्रासच जास्त. लोणची घालणं काकूंनी सोडून दिलं होतं. दोन घास खाऊन त्या ताट सारत. ओला पुठ्ठा चावल्यागत लागतं, म्हणत.

मला त्यांनी हे सगळं हसत हसत सांगितलं होतं. एकच गोष्ट सांगताना त्या हसल्या नाहीत. पनवेलला लेकीला मुलगा झाला, तेव्हा त्या बाळंतपणाला गेल्या होत्या. "न्हाऊ घालून मांडीवर घेतला त्याला," त्या म्हणाल्या, "नि त्याचं डोकं हुंगलं गो. कायच नाय. बाहुल्याचं डोकं हुंगल्यागत." हातातला वाल त्यांनी सोललाच नाही, परत परातीत टाकला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या गुलाबाकडे नीट पाहिलं.

पेणला एक कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी सांगितलं होतं की गोळीनं हे बरं होणार नाही, नाकाला पुन्हा शिकवावं लागेल. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचे, आणि घेताना तो वास पूर्वी कसा होता ते आठवायचं. कंटाळायचं नाही. लिंबू, लवंग आणि निलगिरीचं तेल घरात होतंच. राहिला गुलाब. बाजारात मिळणाऱ्या लांब दांड्याच्या गुलाबांना वास नव्हता. शेजारचा गावठी गुलाब आणून झाला, काकूंना त्याचा काही पत्ता लागला नाही. काकांनी मग कंपनीतला न्याय लावला. रिॲक्शन होत नाही? मग स्ट्रेंग्थ वाढवा. कुणीतरी सांगितलं की पुण्याकडं एका नर्सरीत इंग्लिश गुलाब मिळतो, त्याच्या एका फुलानं खोली भरते. नर्सरीवाल्यानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं की हे थंड मुलखातलं झाड, कोकणातला पाऊस याला सोसायचा नाही. काका म्हणाले, "आमाला तरी कुठं सोसतो? ऱ्हातोच ना."

झाड एसटीनं आलं. खिडकीची जागा मिळाली होती ती काकांनी झाडाला दिली, कारण हवा लागली पाहिजे. शेजारी काकू बसल्या आणि स्वतः काका पुण्यापासून ताम्हिणीची सगळी वळणं दांड्याला लोंबकळत उभे राहिले. वाटेत एका माणसानं कुंडी खाली ठेवून बसू द्या म्हटलं, तर त्याला त्यांनी पेशंट असल्याचं सांगितलं. कोण पेशंट, हे त्या माणसाला कळेना. तो काकूंकडे बघून उभा राहिला. ही हकीकत काकू रंगवून सांगत, आणि शेवटी दरवेळी म्हणत, "माझ्या लग्नात वऱ्हाडाच्या गाडीत सुदिक मी उभ्यानं आलेली. त्या झाडाला खिडकी."

झाडानं पहिल्या पावसाळ्यात जीव सोडायचाच बाकी ठेवला होता, असं म्हणतात. मी दुसरा पावसाळा पाहिला. पानांवर काळे ठिपके पडत, पिवळी होऊन ती गळत. काका वर पारदर्शक ताडपत्री बांधत, बाजू उघड्या ठेवत, आणि ठिपका पडलेलं पान दिसलं की दोन बोटांनी उपटून डब्यात टाकत. रोहिणीपासून हस्तापर्यंत हाच उद्योग. मग दसऱ्याच्या सुमारास छाटणी, आणि दिवाळी संपता संपता पहिली कळी. कळी गोल, लालसर, आणि उमलली की फिकी होत होत आतून मधाच्या रंगाची. फूल इतकं जड की देठाला पेलत नसे. काका म्हणत, "बघ, इंग्रज हाय, पण माझ्या दारात मान खाली घालून उभा हाय."

आता फाटकावर वसूल होणारा तो वास सांगण्याचा कर. डॉक्टर म्हणाले होते, वास आठवायचा. काकूंनी आठवून पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला गुलाबाचा वास आठवतच नाही. काकांनी सांगावा तर त्यांच्याकडे शब्द नव्हते. नाकाबद्दलचे त्यांचे सगळे शब्द कंपनीतले: उग्र, सौम्य आणि लीक. म्हणून त्यांनी तो धंदा सुरू केला. फाटकावरून जाईल त्याला थांबवायचं, वास घ्यायला लावायचं आणि कशासारखा आहे ते विचारायचं. चांगलं उत्तर मिळालं की ते आत जाऊन काकूंना सांगायचं, म्हणजे संध्याकाळी वास घेताना तिला धरायला काहीतरी हाताशी येईल. हे मला कळलं तेव्हा माझा त्या पहिल्या सकाळचा राग कुठल्या कुठे गेला. आळीत मात्र बरेच जण त्यांना सर्किट म्हणत. काही जण मागच्या गल्लीनं जात.

पण कितीजणांनी काय काय दिलं त्यांना! दूधवाला म्हणाला, चहा उकळताना त्यात चुकून बडीशेप पडली तर येईल तसा. फर्स्ट शिफ्टला जाणारा एक पोरगा मोटरसायकल चालू ठेवूनच ओरडायचा, "काका, पेरू! अर्धा पिकलेला!" आणि निघून जायचा. समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई दरवेळी एकच सांगत, नव्या पुस्तकात लिंबाचं पान ठेवलं तर. मीही सुधारत गेले. एकदा मी म्हटलं की आमच्या आजोळी कपाटात साखरेच्या डब्याशेजारी वेलची असायची, त्या कपाटाचं दार उघडल्यावरचा. काकांनी माझ्यासाठी स्वतः फाटक उघडलं. असा सन्मान मला बँकेत कधी मिळाला नाही.

डोंगराकडच्या वाडीवरून एक बाई मोळी, करवंदं, शेवळं असं जे त्या त्या वेळी मिळेल ते घेऊन यायची. ती कमी बोलायची. काकांनी विचारल्यावर ती बराच वेळ फुलाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तान्हं प्वार दूद पिऊन खांद्यावर निजतंय ना, त्याच्या मानेचा." काकांनी तिला पाणी दिलं, गूळ दिला. ती गेल्यावर मी म्हटलं, आजवरचं सगळ्यात चांगलं उत्तर हे, जा, सांगा काकूंना. ते म्हणाले, "हा नाय सांगायचा तिला." आणि उगाचच मोजे चढवून मातीत बसले.

फुलाजवळ जायचं नाही, हा आणखी एक कायदा. कुंपणाला पत्र्याची पाटी होती, लाल अक्षरांत: थेट वास घेऊ नये. कंपनीत कुठल्याही पदार्थाचा वास घ्यायचा झाला तर नाक बरणीवर न्यायचं नसतं. बरणी लांब धरायची आणि तळहातानं हवा थोडी थोडी आपल्याकडे ओढायची. हे न ऐकणाऱ्या एका सोबत्याचं काय झालं, ते काका प्रत्येकाला सांगत, तपशिलासकट. त्यामुळे सगळी आळी त्या गुलाबापुढं लांब उभी राहून हात हलवायची, आरतीवर हात फिरवून तोंडावरून घ्यावा तशी. माझ्या आईनं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिनं पायातली चप्पल काढली होती.

एका हिवाळ्यात गंमत झाली. झाड अचानक असं भरलं, की पानं तळहाताएवढी आणि फुलं मोजता येईनात. काका खुशीत होते, पण सकाळी फाटकाशी मला जो वास आला तो स्वच्छ बोंबलाचा होता. काकू मासळी धुतलेलं पाणी गुपचूप झाडाला घालत होत्या, माहेरी मोगऱ्याला घालत तसं. झाडाला ते मानवलं होतं. पण त्याचा वास येतो, हे त्यांच्या लक्षातच येण्यासारखं नव्हतं. मला वाटलं, आता काका आकाशपाताळ एक करणार. त्यांनी फाटक किलकिलं करून मला बाहेर घेतलं आणि त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे तरीही समोरच्या मास्तरीणबाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "चार दिवस वास सांगायची सुट्टी हाय. तिला कायपन बोलू नको." तेवढे दिवस दूधवाला, मोटरसायकलवाला, सगळे त्या बोंबिल-गुलाबासमोरून गंभीर चेहऱ्यानं गेले. कुणी नाक मुरडलं नाही. मला त्या आळीबद्दल जे प्रेम आहे ते त्या चार दिवसांमुळे आहे.

त्याच दिवसांत आळीतल्यांनी शेतावर पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कांदे-बटाटे, तळाला आणि वर भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. दिवस मावळताना मडकं उघडलं आणि त्या पाल्याचा वास असा उसळला की सगळे एकदम "वा" म्हणाले. काकूही म्हणाल्या. पण त्या इतरांच्या तोंडाकडे बघून, एक क्षण उशिरा म्हणाल्या. काका शेंगा सोलून त्यांच्या पानावर ठेवत राहिले. येताना वाटेत ते मला म्हणाले, "बघितलंस? ती आपल्याला वाईट वाटू नये म्हणून वा बोलते." त्यांचा आवाज पहिल्यांदा खरोखर हळू झाला होता. मी उगाच चपलेतला खडा काढत मागं राहिले.

पेणच्या डॉक्टरांकडे दाखवायला जायचं झालं तेव्हा काकूंनी मला सोबत घेतलं, कारण डॉक्टर हळू बोलतात आणि काकांना निम्मं ऐकू जात नाही. सकाळच्या गाडीनं गेलो. स्टेशनातून रिक्षा काकूंच्या माहेरच्या रस्त्यानं गेली. कारखान्यांच्या दारात रंगाचे डबे उघडे होते, मूर्तींना हात मारणं चालू होतं. काकू बाहेर डोकं काढून बघत होत्या. बघून झाल्यावर त्या नीट मागं टेकून बसल्या.

डॉक्टर तरुण होते, निवांत स्वभावाचे. त्यांनी काकूंना विचारलं की वास रोज घेता का. काकूंनी हो म्हटलं, आणि काकांनी वाऱ्याची पिशवी, खुर्ची, पाणी, छाटणी, सगळं ओरडून सांगितलं. डॉक्टर कौतुकानं ऐकत होते. मग म्हणाले, करून दाखवा बघू कसा घेता. काकू खुर्चीत सरळ बसल्या, डॉक्टरांच्या टेबलावरचा पेला म्हणजे गुलाब असं धरलं आणि तितक्या लांबून तळहातानं हवा ओढू लागल्या.

डॉक्टर आधी हसले आणि मग हसायचे थांबले. लिंबू आणि लवंगही असंच का, त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, सगळंच असं, घरचा नियम आहे. डॉक्टर म्हणाले की यानं काहीच पोचत नसेल. मंद झालेल्या नाकाला वास अगदी जवळ लागतो, फूल नाकाला लावून, दोन-तीन वेळा खोल घ्यायला हवा. आणि एवढ्यानं निराश होऊ नका, अजून वेळ गेलेली नाही. सुरुवातीला वास आला तर बहुधा उलटासुलटा येईल, जळका, घाण, पण तो आला तर नस जागी होतेय असं समजा. त्यांनी काकांना दोष दिला नाही. पण काकांना, नेमकं नको होतं तेव्हा, सगळं ऐकू गेलं होतं.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. नागोठण्याला काकूंनी त्यांना शेंगदाणे दिले, ते त्यांनी मुठीत धरून ठेवले. शेवटी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाड आणला तिच्यासाठी. नि मीच तिला लांब बसवली."

काकू मध्ये बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लांब कुठं? खुर्चीवर तर बसवलीत."

घरी पोचल्यावर त्यांनी बूटसुद्धा घातले नाहीत. अनवाणी बागेत जाऊन पाटी उपटली. मग कात्री घेतली. त्या झाडाचं फूल त्यांनी कधी कुणाला तोडू दिलं नव्हतं, देवालासुद्धा नाही. सगळ्यात मोठं फूल त्यांनी कापलं, त्यातल्या मुंग्या झटकल्या आणि ओंजळीत धरून काकूंच्या नाकाशी नेलं. म्हणाले, "घे. पूर्ण आत घाल नाक." काकूंच्या नाकाला, हनुवटीला पाकळ्या चिकटल्या. वास काही आला नाही. त्यांनी मान हलवली, आणि काका म्हणाले, "बरं. उद्या."

त्यानंतर रोज एक फूल. झाड भुंडं होत चाललं. काकांचा प्रश्नही बदलला. आधी ते "येतो काय" विचारत, आता विचारत, "घाण आला काय?" फाटकावरून जाणाऱ्यांना काही उमगेना. ज्या माणसानं साऱ्या आळीला सुगंधाची तोंडी परीक्षा द्यायला लावली, तो सकाळ-संध्याकाळ बायकोला घाण आला का विचारतोय आणि नाही म्हटल्यावर हिरमुसतोय. मास्तरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलंही की काकांची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, त्यांची उत्तम आहे, झाडाची बरी नाही.

उन्हं तापू लागली होती. थंडी गेली की तो गुलाब लहान होतो, विरतो. शेवटच्या दोन-तीन कळ्या उरल्या होत्या आणि त्यानंतर पावसाळा उलटेपर्यंत काही नाही, हे तिघांनाही माहीत होतं. मार्चमधला रविवार होता. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते, काकू तिथंच पायरीवर वाल सोलत होत्या. काका ओंजळ घेऊन आले, काकूंनी परात खाली ठेवली, नाक फुलात घातलं आणि झटकन मागं घेतलं.

"काय गो?"

"थांबा जरा." त्यांनी पुन्हा नाक खुपसलं. कपाळावर आठी पडली. "जळकं. तेलकट... रबर तापल्यागत." मग त्या एकदम काकांच्या तोंडाकडे बघायला लागल्या. "तुमी सेकंड शिफ्टवरनं यायचात, नि शर्ट काढायचात ना, तसा येतोय."

मला नंतर काकूंनी सांगितलं, की तो शर्ट त्यांनी लग्न झाल्यापासून कधी घरात येऊ दिला नव्हता. मोरीच्या बाहेर वेगळी बादली, वेगळा साबण, वाळायलाही वेगळी दोरी. काका अंघोळ करून आल्याशिवाय त्यांना पोरीला हात लावायची परवानगी नव्हती. त्या वासाचा त्यांना आयुष्यभर राग होता. काकांना हे सगळं ठाऊक होतं. ओंजळ तशीच पुढं धरून ते उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळे नव्हते. माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला होता, त्याचं पाणी माझ्या पायांवर गळत होतं.

"लय वाईट येतोय काय गो?" त्यांनी विचारलं.

"वाईटच," काकू म्हणाल्या. "हात नका हलवू. परत घेऊ दे."